हाताने रंगवलेली लोकर घ्यायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अमेरिकेत आणि कॅनडात विणणाऱ्या मराठी मंडळींचे आहेत. काहीजणी इथेच स्थायिक झालेल्या, काही मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने आलेल्या. ॲक्रिलिकच्या गुंड्यांवर हात पक्का बसलेला असतो, पण गावातल्या छोट्या दुकानात भिंतभर टांगलेल्या रंगीत लड्या बघितल्या की काय घ्यावं ते सुचत नाही. माझं मत आधीच सांगते. काय विणायचं ते ठरवून मगच दुकानात जावं. नुसत्या रंगाला भुलून घेतलेली लडी वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते आणि ज्या हातांनी ती रंगवली त्यांच्या कष्टांचं चीज होत नाही.

हाताने रंगवलेली लोकर म्हणजे नेमकं काय?

गिरणीत एका वेळी मोठ्या यंत्रात ढिगाने लोकर रंगते आणि प्रत्येक गुंडा दुसऱ्यासारखाच निघतो. हाताने रंगवणारी व्यक्ती एका पातेल्यात मोजक्याच लड्या घेते. बहुतेकजण सूत स्वतः कातत नाहीत. गिरणीकडून पांढरं, न रंगवलेलं सूत आणतात आणि रंगकाम तेवढं स्वतः करतात.

लोकर, रेशीम आणि नायलॉन यांना 'ॲसिड डाय' वापरतात. नाव ऐकून घाबरू नका, त्यातलं आम्ल म्हणजे व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. लड्या आधी पाण्यात भिजवतात, मग पातेल्यात रंग ओततात, ब्रशने लावतात किंवा पूड शिंपडून ठिपके पाडतात आणि उकळी फुटू न देता तापवतात. रंग सगळा लोकरीत शिरला की पातेल्यातलं पाणी नितळ होतं. त्यानंतर लड्या सावकाश गार करायच्या, खळबळून धुवायच्या, वाळवायच्या आणि पुन्हा नीट गुंडाळून त्यांना पीळ घालायचा.

सुती धाग्याचं तंत्र वेगळं. त्याला 'रिॲक्टिव्ह' रंग लागतात आणि आम्लाऐवजी सोडा ॲश. त्यामुळे रंग तोच दिसला तरी सुती लडी आणि लोकरीची लडी यांचं वागणं सारखं असेल असं धरून चालू नका.

एका लडीला तीस डॉलर? एवढे कशाचे?

मोजे विणण्याजोग्या बारीक लोकरीची १०० ग्रॅमची लडी इथे साधारण २८ ते ३८ डॉलरला मिळते, वर विक्रीकर. रुपयांत हिशेब केला की छातीत धस्स होतं, हे खरं आहे. पण ही किंमत तीन जणांत वाटली जाते: सूत कातणारी गिरणी, रंगवणारी आणि दुकानदार. दुकानदार ढोबळमानाने निम्म्या किमतीला माल घेतो आणि उरलेल्यातून भाडं, वीज आणि पगार भागवतो. रंगवणारीच्या वाट्याला सुताचा खर्च वजा जाता जे राहतं त्यात वर सांगितलेली सगळी मेहनत आली. मला ही किंमत रास्त वाटते. परवडत नसेल तर पाच लड्यांचा स्वेटर सोडून एका लडीची टोपी विणा. लोकर तीच, आनंद तोच.

उरुग्वेतली 'मानोस देल उरुग्वे' ही संस्था १९६८ मध्ये सुरू झाली. खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या सहकारी गटांतून तिचं काम चालतं आणि तिच्या अनेक लड्यांच्या लेबलवर कारागीर स्त्रीची सही असते. अशी लडी हातात आली की पैसे कुठे जातात ते वेगळं सांगावं लागत नाही.

ऑनलाइन मागवलं तर काय बिघडलं?

काही बिघडत नाही, फक्त हात लावता येत नाही. पडद्यावर रंग अंदाजे कळतो, स्पर्श कळतच नाही. आणि लोकर शेवटी मानेला, मनगटाला लागणार असते. दुकानात लडी मानेच्या बाजूला टेकवून मिनिटभर थांबा. टोचली तर ठेवून द्या, कोणी रागावत नाही.

दुसरंही एक कारण आहे. विणकामाचं सामान मिळणारी जोॲन ही अमेरिकेतली मोठी साखळी २०२५ मध्ये पूर्ण बंद झाली. काही गावांत आता लोकर प्रत्यक्ष बघायला छोटं दुकान हीच जागा उरली आहे. ते टिकायचं असेल तर तिथे खरेदी व्हायला हवी. दुकानात तासभर सल्ला घ्यायचा आणि तीच लडी दोन डॉलर स्वस्त म्हणून दुसरीकडून मागवायची, हे मला पटत नाही.

मला विणकामातले इंग्रजी शब्द येत नाहीत. दुकानात बोलू कशी?

विणलेलं काहीतरी हातात घेऊन जा. नातवाचं टोपडं दाखवलंत की पुढचं संभाषण आपोआप सुरू होतं. थोडे शब्द मात्र पाठ करून ठेवा. सुलट टाका म्हणजे निट, उलट टाका म्हणजे पर्ल, टाके घालणं म्हणजे कास्ट ऑन, बंद करणं म्हणजे बाइंड ऑफ. क्रोशात साखळीला चेन, मुक्या खांबाला सिंगल क्रोशे आणि खांबाला डबल क्रोशे म्हणतात. ही झाली अमेरिकन नावं. ब्रिटिश नमुन्यात मुक्या खांबालाच डबल क्रोशे म्हणतात, म्हणून नमुना कुठला आहे ते आधी विचारा.

जाडीची नावंही वेगळी आहेत. आपण थ्री-प्लाय, फोर-प्लाय म्हणतो. इथे बारीककडून जाडीकडे जाताना लेस, फिंगरिंग, स्पोर्ट, डीके, वर्स्टेड अशी शिडी आहे. आपल्या फोर-प्लायच्या जवळची म्हणजे फिंगरिंग.

सुयांचे नंबर जुळत नाहीत. दहा नंबरची मागितली तर भलतीच जाड सुई दिली.

दुकानाची चूक नाही. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. आपली १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, तिला इथे ३ नंबर म्हणतात. आपली ८ नंबरची ४ मिलिमीटरची, इथे ती ६. आपली १२ नंबरची २.७५ मिलिमीटरची, इथे २. आणि इथली १० नंबरची सुई तब्बल ६ मिलिमीटर जाड असते. नंबर विसरा आणि मिलिमीटरमध्येच मागा. तो आकडा पाकिटावर नेहमी असतो.

किती लड्या घेऊ?

वजनावर जाऊ नका, लांबीवर जा. १०० ग्रॅमची फिंगरिंग लडी सुमारे ४०० मीटर भरते, डीके सव्वादोनशेच्या आसपास, वर्स्टेड दोनशेच्या आसपास. लेबलवर यार्ड असतात. ४३७ यार्ड म्हणजे ४०० मीटर.

एका लडीत मोठ्या माणसाच्या मोज्यांचा जोड होतो. तान्ह्या बाळाचा साधा स्वेटरही बहुधा होतो. खांद्यावरच्या शालीला नमुन्याप्रमाणे एक किंवा दोन लड्या. मोठ्या बाईच्या मध्यम मापाच्या फिंगरिंग स्वेटरला चार धरा आणि अंगाने भरलेल्या किंवा लांब बाह्या हव्या असलेल्या व्यक्तीला पाच. क्रोशाला बहुतेक वेळा सुयांपेक्षा जास्त लोकर लागते.

कमी पडेल अशी शंका असेल तर एक लडी जास्तीची आजच घ्या. गिरणीच्या लोकरीत पुढच्या महिन्यात तोच रंग मिळायची निदान आशा असते, इथे तीही धरू नये. याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

एकाच नावाच्या दोन लड्यांचा रंग वेगळा दिसतो. सदोष माल आहे का?

नाही. हाताने रंगवलेल्या लोकरीचा तो स्वभावच आहे. पाणी, तापमान, रंग ओतणारा हात, पातेल्यातली जागा, सगळ्यांचा परिणाम होतो. एकाच पातेल्यातून निघालेल्या दोन लड्यांमध्येसुद्धा फरक असू शकतो, आणि वेगळ्या महिन्यात रंगवलेल्या लड्या तर कधी कधी चुलत बहिणींसारख्या दिसतात.

दुकानात काय करायचं? त्या रंगाच्या आहेत तेवढ्या लड्या काढून द्यायला सांगा, सगळ्या खिडकीशी न्या आणि दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवा. दुकानातल्या दिव्यांखाली आमसुली आणि डाळिंबी एकच वाटतात. सगळ्यांत जवळच्या दिसतील त्या निवडा. असं करण्यात संकोच वाटू देऊ नका, चांगले दुकानदार स्वतःच सुचवतात.

घरी आल्यावर स्वेटर दोन लड्यांवर एकदम विणायचा. दोन ओळी एका लडीतून, पुढच्या दोन दुसरीतून, असं आळीपाळीने. फरक सगळ्या कापडभर विरघळून जातो. एक लडी संपवून दुसरी लावली तर छातीवर आडवी रेघ उमटते आणि ती कितीही धुतली तरी जात नाही. आळीपाळीने विणणं कंटाळवाणं आहे खरं, पण एवढ्या महागाच्या लोकरीला ते द्यायलाच हवं. बाह्यांवर मात्र मी एवढा आग्रह धरणार नाही. एका लडीत दोन्ही बाह्या बसत असतील तर तेवढं पुरेसं आहे.

रंग कसा निवडावा? सगळेच सुंदर दिसतात.

लडीत सुंदर दिसणं आणि विणल्यावर सुंदर दिसणं यांत फार अंतर आहे. ढोबळ चार प्रकार ध्यानात ठेवा.

एकाच रंगाच्या गडद-फिक्या छटा असलेली लडी कुठेही चालते. वेण्या, जाळी, पानांचे नमुने तिच्यावर उठून दिसतात. पहिल्यांदाच घेत असाल तर हीच घ्या. अनेक रंगांच्या लडीला साधं सुलट विणकाम द्या. तिच्यावर जाळीचा नमुना घातलात तर रंगही दिसत नाही आणि नमुनाही दिसत नाही. शिवाय रुंदी बदलली की तिचे रंग वेगळ्या ठिकाणी साचतात. बाहीवर पट्टे येतात आणि पाठीवर त्याच लोकरीचे धब्बे. काहींना ते आवडतं, पण छोटा तुकडा विणून आधी बघून घ्या. ठिपक्यांची लडी स्वभावाने सालस, हलका नमुना सांभाळून घेते. आणि आपोआप पट्टे पडणारी लडी मोज्यांसाठीच बनवलेली असते.

दोन रंगांची नक्षी विणायची असेल तर दोन्ही लड्यांचा फोनवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर नक्षी दिसणार नाही, मग रंग कितीही वेगळे असोत.

साडीवर घ्यायची शाल असेल तर ब्लाउजपीस बरोबर न्या. जरीच्या काठावर आधीच पुष्कळ घडत असतं, म्हणून पैठणीवर बहुरंगी शाल मला कधीच बरी वाटत नाही. काठातला एक रंग उचलायचा, त्याच्याच छटांची लडी घ्यायची. मोरपंखी, अबोली, विटकरी या छटा इथल्या दुकानांत पुष्कळ सापडतात. लेबलवरची नावं रंगवणाऱ्यांच्या कल्पनेतली असतात, त्यावरून शोधत बसू नका.

सुपरवॉश म्हणजे काय? घ्यावी का?

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून घट्ट होतो. सुपरवॉश लोकरीत हे खवले क्लोरीनच्या प्रक्रियेने बोथट करतात आणि वर बहुधा पॉलिमरचा पातळ थर देतात. ती आटत नाही आणि रंग जास्त चटकन, जास्त झळाळीने घेते. रंगवणाऱ्यांना ती आवडते त्याचं हेच कारण.

उणी बाजूही सांगते. ओली झाली की ती लोंबते. स्वेटरसाठी तुकडा विणाल तो धुऊन, वाळवून मगच टाके मोजा, नाहीतर बाही बोटांपर्यंत येईल. सुपरवॉश नसलेली लोकर आकार छान धरते, पण जपून धुवावी लागते. उरुग्वेच्याच 'मालाब्रिगो'कडे दोन्ही बघायला मिळतात. त्यांची 'रिओस' सुपरवॉश आहे, १०० ग्रॅमला १९२ मीटर. त्यांची 'वर्स्टेड' एकपदरी आणि सुपरवॉश नसलेली, हाताला लोण्यासारखी, पण घासली गेली की तिच्यावर गोळे धरतात. शालीला दुसरी, रोजच्या स्वेटरला पहिली.

मोज्यांसाठी लेबलवर ७५ किंवा ८० टक्के लोकर आणि बाकी नायलॉन असं बघा. नुसत्या मरिनोचे, म्हणजे त्या नावाच्या मेंढीच्या मऊ लोकरीचे, मोजे टाचेशी लवकर विरतात.

बाळंतविड्यासाठी कोणती घेऊ?

सुपरवॉश मरिनो, मऊ, फिंगरिंग जाडीची. झबलं, टोपडं आणि पायमोजे मशिनमध्ये जाणारच. नवीन आई हाताने लोकर धूत बसणार नाही आणि तिने बसूही नये. गडद लाल, गर्द निळा, काळा हे रंग तान्ह्या बाळासाठी टाळा. ते रंग वाईट नसतात, पण बाळ बाही तोंडात घालतं आणि गडद रंगांत जास्तीचा रंग उरलेला असण्याचा संभव अधिक. केसाळ मोहेरही नको, तंतू नाकातोंडात जातात. श्रीखंडी, पिस्ता, फिका अबोली या छटा घ्या. कुंचीची गोंडेवाली लांब नाडी बाळ झोपलेलं असताना बांधलेली ठेवू नका.

रंग जातो का? मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवू का?

नवी साडी मिठाच्या पाण्यात भिजवायची आपली सवय आहे, पण इथे मिठाने काही होत नाही. थंड व्हिनेगरनेही होत नाही. लोकरीचा रंग पक्का व्हायला आम्ल आणि उष्णता दोन्ही एकत्र लागतात.

शंका असेल तर हातभर धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या टिश्यूत दाबून बघा. टिश्यू रंगला तर पूर्ण लडी दोन-तीनदा धुऊन घ्या. तरीही रंग येतच राहिला तर पाण्यात व्हिनेगर घालून लडी सावकाश, उकळीच्या जरा खालपर्यंत तापवा, अर्धा तास तशीच ठेवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. पातेलं स्वयंपाकाचं वापरू नका. त्याआधी दुकानात फोन करून सांगा. रंगवणारीला हे कळायला हवं आणि दुकान बहुतेक वेळा काहीतरी मार्ग काढतं.

नैसर्गिक निळीने रंगवलेली लोकर विणताना बोटं निळी होतात. तो सुटा रंग घासून निघतो, धुतल्यावर थांबतो.

मंजिष्ठा, हळद, झेंडू यांनी रंगवलेली लोकर मिळते का?

मिळते, आणि आवर्जून बघा. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, झेंडूचा पिवळा, डाळिंबाच्या सालीचा आणि कांद्याच्या टरफलांचा उबदार तपकिरी. यातल्या बहुतेकांना आधी तुरटीचं पाणी द्यावं लागतं, म्हणजे रंग तंतूला धरून राहतो. निळीला त्याची गरज नसते. हळदीचा रंग डोळे दिपवतो पण उन्हात उडतो, म्हणून नुसत्या हळदीची लडी मी घेत नाही.

लडी घरी आणली आणि तशीच विणायला घेतली तर?

गुंता होईल, आणि तो सोडवता सोडवता धागा कातरून जाईल. लडी आधी गुंडाळून घ्यावी लागते. दुकानात छत्रीसारखी उघडणारी फिरती चौकट असते आणि हाताने फिरवायचं गुंडाळयंत्र असतं. तिथे घेतलेली लोकर बहुतेक ठिकाणी फुकट गुंडाळून देतात. घरी दोन खुर्च्यांच्या पाठी किंवा नवऱ्याचे दोन हात पुरतात. लगेच विणणार नसाल तर गुंडाळू नका. गुंड्यात धागा ताणलेला राहतो, लडीत मोकळा असतो.

गुंडाळल्यावर परत घेतात का?

बहुधा नाही. न उलगडलेली लडी पावतीसकट ठरावीक दिवसांत बदलून देणारी दुकानं पुष्कळ आहेत. नियम आधी विचारा.

घासाघीस चालते?

नाही, करू नये. सवलतीचे दिवस असतात, तेव्हा जा.

काही न घेता नुसतं बसायला जाता येतं का?

येतं. बहुतेक दुकानांत मोठं टेबल असतं आणि आठवड्यातून एखादी संध्याकाळ सगळ्यांसाठी मोकळी असते. मुलीकडे आलेल्या, दिवसभर घरात एकट्या असलेल्या आयांना मी हे आवर्जून सांगते. भाषा अडली तरी चालतं, हात तर एकच काम करत असतात. आपल्या पद्धतीचं टोपडं कसं विणतात ते दाखवा, तिथल्या बायका कौतुकाने शिकतात.

लोकर काढताना मेंढ्यांना त्रास होतो का?

कातरणीत मेंढी मरत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र अळ्या होऊ नयेत म्हणून मेंढीच्या शेपटीजवळची कातडी कापून काढण्याची 'म्यूलसिंग' नावाची पद्धत आहे. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. हे टाळायचं असेल तर 'म्यूलसिंग-फ्री' असं विचारा.

भारतात नेताना आणि ठेवताना काय काळजी घ्यावी?

अमेरिकेतल्या विमानतळांवर सुया हातातल्या पिशवीत चालतात. परतीच्या प्रवासात त्या मोठ्या बॅगेतच टाका. पुण्या-मुंबईत वापरायला जाड वर्स्टेड नेऊ नका, मरिनो-रेशमाची बारीक शाल जास्त वापरली जाईल.

कसर लागणं हा खरा धोका. लोकर, विशेषतः न धुता ठेवलेली, कसरीला फार आवडते. झिपच्या पिशवीत बंद करा, वर्षातून दोनदा बाहेर काढून झटका. डांबरगोळ्यांचा वास लोकरीतून जाता जात नाही, मी त्या वापरत नाही. कोकणात पावसाळ्यापूर्वी पिशव्या पूर्ण कोरड्या आहेत ना ते बघा, ओलसर लोकरीला बुरशी धरते. धुताना कपड्यांची नेहमीची पावडर नको, ती क्षारयुक्त असते आणि लोकर राठ करते. रिठ्याचं कोमट पाणी उत्तम. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट वाळत घाला.

उरलेल्या लोकरीचं काय करू?

प्रत्येक कपड्यामागे पाच-सहा मीटर धागा लेबलसकट जपून ठेवा. पुढे टाच विरली किंवा कोपर फाटलं की तोच रफूला लागतो, बाजारात तो रंग मिळणार नाही. त्याहून जास्त उरली तर मोज्यांच्या टाचा आणि चवडे वेगळ्या रंगात विणा. तीस ग्रॅम असेल तर तान्ह्या बाळाचं एक टोपडं नक्की होतं.